‘पुरे’ कोण म्हणतं? – सेरोटोनिन, भूक आणि तृप्ती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं सेरोटोनिनवर का बोलावं? मी डॉक्टर नाही आणि जीवशास्त्रज्ञही नाही. पण ‘मी ठरवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कोण ठरवतं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. त्याचं रोजचं उदाहरण शोधायला निघालात तर जेवणाच्या ताटापेक्षा जवळचं दुसरं सापडणार नाही. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

आधी आपल्या भाषेकडे बघा. आपण म्हणतो, ‘मी जेवतो.’ इथे कर्ता मी आहे. पण ‘मला भूक लागते’ ह्या वाक्यात कर्ता मी नाही. कर्ता भूक आहे, आणि ती मला लागते. जशी ठेच लागते, उचकी लागते, झोप लागते. म्हणजे जेवणं ही माझी कृती आणि भूक ही माझ्या बाबतीत घडणारी घटना. मराठी व्याकरणानं हा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. आणखी बघा. ‘पोट भरलं पण मन भरलं नाही.’ ‘आज नुसती खा खा सुटली आहे.’ ‘तापानं अन्नावरची वासना उडाली.’ ‘जेवायला उशीर झाला आणि भूक मेली.’ हे सगळे एकाच गोष्टीचे पर्याय नाहीत. चार वेगळ्या अवस्था आहेत, आणि मेंदूच्या अभ्यासकांना त्या वेगवेगळ्या करायला विसाव्या शतकाचा बराच भाग लागला.

आता ह्या गोष्टीत सेरोटोनिन कुठून आलं ते पाहू.

आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत

गंमत अशी की, हा पदार्थ मेंदूत सापडलाच नव्हता. १९३०च्या दशकात इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर ह्यांनी आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींमधून एक द्रव्य वेगळं काढलं. त्यामुळे आतड्याचा स्नायू आकुंचन पावत असे. त्यांनी त्याला ‘एन्टेरामाइन’ असं नाव दिलं. पुढे १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्व्हिन पेज ह्यांनी रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आकसवणारा एक पदार्थ मिळवला. सीरममधला आणि ‘टोन’ म्हणजे ताण वाढवणारा, म्हणून सेरोटोनिन. काही वर्षांनी उलगडा झाला की, एन्टेरामाइन आणि सेरोटोनिन हे एकच द्रव्य आहे. आणि १९५३ साली बेटी ट्वारोग ह्या तरुण संशोधक बाईंनी, पेज ह्यांच्यासोबत, ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचं दाखवून दिलं.

आजही हिशेब केला तर शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं. मेंदूतला वाटा अगदी थोडा. आणि ह्या दोन साठ्यांमध्ये भिंत आहे. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामधला जो अडसर असतो, तो ओलांडून सेरोटोनिन मेंदूत जाऊ शकत नाही. मेंदूला आपलं सेरोटोनिन आपणच तयार करावं लागतं, तेही ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून, जे आपल्याला अन्नातूनच मिळतं. ही भिंत लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

मेंदूत हे काम करणाऱ्या पेशी किती? माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या फक्त काही लाख. त्या मेंदूच्या बुंध्याशी, मधल्या रेषेवर दाटीनं बसलेल्या असतात. त्या जागेला ‘राफे’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शिवण. पण ह्या मूठभर पेशींचे धागे जवळजवळ साऱ्या मेंदूभर पसरलेले असतात. त्यांतले काही हायपोथॅलॅमस ह्या भागात जातात, आणि आपली आजची गोष्ट मुख्यतः तिथे घडते.

भुकेचा पत्ता

हायपोथॅलॅमसचा आणि भुकेचा संबंध सांगताना एका भारतीय शास्त्रज्ञाचं नाव घ्यायलाच हवं. १९५१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक ह्यांनी उंदरांवर प्रयोग केले. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा एक लहानसा भाग निकामी केला, तर समोर अन्न असूनही उंदीर खायचंच सोडून देत. त्याआधी, १९४० साली, हेदरिंग्टन आणि रॅन्सन ह्यांनी मधल्या भागाला इजा केल्यावर उलटं दिसलं होतं. उंदीर लठ्ठ झाले होते. आनंद पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. ह्या प्रयोगांतून एक चित्र तयार झालं की, एक भुकेचं केंद्र आणि एक तृप्तीचं केंद्र.

आज हे चित्र इतकं सोपं राहिलेलं नाही. केंद्रांऐवजी आता पेशींच्या गटांची भाषा वापरतात. हायपोथॅलॅमसच्या तळाशी दोन गट शेजारी शेजारी असतात. एकाचं नाव पीओएमसी, दुसऱ्याचं एजीआरपी. नावं विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. पहिला गट म्हणतो ‘पुरे’. दुसरा म्हणतो ‘आण अजून’. आपली ती ‘खा खा सुटणं’ जी आहे, ती ह्या दुसऱ्या गटाची. दोन्ही गट पुढे एकाच दारावर थाप मारतात. त्या दाराचं नाव एमसी-४ रिसेप्टर. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, ज्याला ठरावीक रसायनाची किल्ली लागते. पहिला गट ते कुलूप उघडतो, दुसरा ते बंद ठेवतो.

सेरोटोनिन इथे काय करतं? दोन्हीकडे काम करतं. ‘पुरे’ म्हणणाऱ्या पेशींवर २-सी प्रकारचे रिसेप्टर असतात. त्यांच्यामार्फत सेरोटोनिन त्या पेशींना जागं करतं. आणि ‘आण अजून’ म्हणणाऱ्यांना १-बी प्रकारच्या रिसेप्टरमार्फत गप्प बसवतं. पंगतीत यजमान आग्रह करत असतो आणि पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तसा हा आडवा हात. आग्रह थांबत नाही, पण हाताला वजन असतं.

हे २-सीचं प्रकरण किती पक्कं आहे? १९९५ साली अमेरिकेत लॉरेन्स टेकॉट आणि सहकाऱ्यांनी हा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. ते जास्त खात, वजनानं वाढत, आणि त्यांना झटकेही येत. पुढे २००८ साली आणखी बारीक प्रयोग झाला. अशाच उंदरांमध्ये हा रिसेप्टर फक्त पीओएमसी पेशींत परत आणला, बाकी मेंदूत नाही. तेवढ्यानं त्यांचं जादा खाणं आटोक्यात आलं. तर्कशास्त्रात आपण म्हणतो, एखादी गोष्ट काढल्यावर परिणाम बदलला तर ती आवश्यक असावी, आणि तेवढीच परत आणल्यावर परिणाम परत आला तर ती पुरेशी असावी. इथे दोन्ही बाजूंनी पुरावा मिळाला.

तृप्ती की मळमळ?

आता माझ्यासारख्या माणसाला खुपणारी एक शंका. उंदराला औषध दिलं आणि त्यानं खाणं थांबवलं. तुम्ही म्हणाल, त्याची तृप्ती झाली. पण कशावरून? पोटात ढवळलं म्हणून थांबला नसेल? गुंगी आली नसेल? उंदीर तर बोलत नाही. दुसऱ्याच्या मनात काय चाललं आहे हे कसं ओळखायचं, हा आमचा ठेवणीतला प्रश्न प्रयोगशाळेत असा समोर येतो.

त्याचं उत्तर सुंदर आहे. पोटभर जेवलेला उंदीर एका ठरावीक क्रमानं वागतो. खाणं थांबवतो, मग थोडा इकडेतिकडे फिरतो, अंग चाटून स्वच्छ करतो, आणि शेवटी आडवा होतो. आपल्याकडेही जेवण, हात धुणं, शतपावली आणि वामकुक्षी हा क्रम आहेच की! इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात जॉन ब्लंडेल ह्यांनी हा क्रम तपासणीसाठी वापरला. मळमळणाऱ्या किंवा गुंगीतल्या उंदराचा क्रम मोडतो. पण सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारं फेनफ्लुरामीन हे औषध दिलं, तर क्रम तोच राहतो, फक्त लवकर येतो. उंदीर जेवायला बसतो, पण सावकाश खातो आणि लवकर उठतो. म्हणजे सेरोटोनिनमुळे भूक ‘लागणं’ तितकंसं बंद होत नाही. सुरू झालेलं जेवण वेळेवर संपतं.

मात्र मळमळीची शंका अगदीच निराधार नव्हती. आतड्यातलं सेरोटोनिन ३ क्रमांकाच्या रिसेप्टरमार्फत व्हेगस नावाच्या नसेला निरोप देतं, आणि तो निरोप जोरात गेला तर उलटी होते. कर्करोगाच्या केमोथेरपीत नेमकं हेच होतं. म्हणून त्या रुग्णांना ऑन्डान्सेट्रॉन देतात. ते हा तिसऱ्या क्रमांकाचा रिसेप्टर अडवतं. द्रव्य एकच, पण एका दारातून गेलं तर तृप्ती आणि दुसऱ्या दारातून गेलं तर ओकारी.

जळूचं उदाहरण

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. ‘सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन’, ‘सेरोटोनिन म्हणजे तृप्तीचं रसायन’ अशी वाक्यं तुम्ही मोबाइलवर रोज वाचता. ती का चुकीची आहेत?

जळू बघा. जळूमध्ये सेरोटोनिन तृप्ती आणत नाही, भूक आणतं. भुकेल्या जळूत ते जास्त असतं. ते वाढलं की जळू सावजाकडे पोहत जाते, चावते, रक्त शोषते. पोट भरलं की त्याचं प्रमाण उतरतं. काही सूक्ष्म कृमींमध्येही सेरोटोनिन दिलं की घशाची हालचाल वाढते आणि ते जास्त गिळू लागतात. रेणू तोच, अणूंची रचनाही तीच, पण अर्थ नेमका उलटा.

आपण बोलताना ‘हं’ म्हणतो. त्याचा अर्थ काय? कधी ‘हो’, कधी ‘पुढे बोला’, कधी ‘आता पुरे’, आणि आजोबांनी दरडावून म्हटलं तर ‘खबरदार’. अर्थ त्या ध्वनीत नसतो. कोण, कुणाला, कधी म्हणतं ह्यात असतो. सेरोटोनिनचंही तसंच आहे. त्याचे किमान चौदा प्रकारचे रिसेप्टर ज्ञात आहेत. अर्थ रेणूत नाही, जोडणीत आहे. जे लोक म्हणतात की, ‘भूक म्हणजे शेवटी एक रसायन’, त्यांना विचारायचं की, कुठल्या पेशीवरचं, कुठल्या प्राण्यातलं?

औषधांचा धडा

हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. तो न कळल्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

फेनफ्लुरामीन अमेरिकेत १९७३पासून उपलब्ध होतं. १९९०च्या दशकात ते फेन्टरमीनबरोबर ‘फेन-फेन’ म्हणून वजन कमी करण्यासाठी लाखो लोकांनी घेतलं. वजन उतरतही होतं. १९९७ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. हे औषध घेणाऱ्या ह्या स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात फेनफ्लुरामीन बाजारातून मागे घेतलं गेलं. कारण पुढे स्पष्ट झालं. हृदयाच्या झडपांवर सेरोटोनिनचा २-बी रिसेप्टर असतो. भुकेचं कुलूप २-सी, झडपेचं २-बी. एकाच नावाच्या दोन भावांपैकी धाकट्याला हाक मारली आणि थोरलाही धावत आला.

मग संशोधकांनी जास्त नेमकी किल्ली घडवली. लॉर्कासेरिन हे औषध मुख्यतः २-सीवरच काम करतं. त्याला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. वजन उतरायचं, पण बेतानंच. मग सुमारे १२ हजार लोकांवर केलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की, औषध घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्क्यांना कर्करोगाचं निदान झालं, आणि न घेणाऱ्यांपैकी ७.१ टक्क्यांना. फरक लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २०२० साली तेही मागे घेतलं गेलं. योगायोग असा की, त्याच वर्षी फेनफ्लुरामीन परत आलं. भुकेसाठी नाही, तर ड्रॅव्हे सिंड्रोम ह्या लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारासाठी, कमी मात्रेत आणि हृदयावर नियमित लक्ष ठेवून. २-सी नसलेल्या उंदरांना झटके येत होते, हे आठवतंय ना?

दोष कुणाचा?

आता उलटी बाजू. काही औषधं हा २-सी रिसेप्टर अडवतात. म्हणजे तो ताटावरचा आडवा हातच बाजूला करतात. स्किझोफ्रेनियासाठी दिली जाणारी ओलान्झापीन आणि क्लोझापीन ही औषधं इतर अनेक कामांबरोबर हेही करतात, शिवाय हिस्टामिनचा एक रिसेप्टरही अडवतात. परिणाम म्हणजे जबर भूक आणि वजनवाढ. आपल्याकडे ‘मूल जेवत नाही’ म्हणून भूक वाढवण्याचं जे सिरप आणलं जातं, त्यांतल्या अनेकांत सायप्रोहेप्टाडीन असतं. तेही सेरोटोनिन आणि हिस्टामिन दोन्ही अडवतं.

आता एका घराची कल्पना करा. तरुण मुलगा अशा औषधांवर आहे. औषधानं त्याच्या डोक्यातला गोंधळ शमला आहे, पण रात्री अकराला तो उठून पोळ्यांचा डबा उघडतो. घरचे म्हणतात, ‘काय हा हावरटपणा! जरा जिभेवर ताबा ठेव.’ तो ओशाळतो. आणि एक दिवस कुणाला न सांगता गोळ्या बंद करतो. ह्याचा शेवट बहुतेक वेळा वाईट होतो.

त्या घरानं काय केलं? ‘मला भूक लागते’ ह्या वाक्याचं ‘मी हावरट आहे’ असं भाषांतर केलं. घटनेला कृती ठरवलं, आणि कृतीला स्वभाव. तत्त्वज्ञानात ह्याला कोटिदोष म्हणतात. घरात त्याला शिक्षा म्हणतात. करायचं होतं ते इतकंच की, भूक वाढली आहे हे मनोविकारतज्ज्ञांना सांगायचं. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं, वजनावर सुरुवातीपासून लक्ष ठेवता येतं. फक्त गोळ्या आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत.

आणि हे फक्त औषधांपुरतं नाही. काही माणसं जन्मतःच हे कुलूप बिघडलेलं घेऊन येतात. एमसी-४ रिसेप्टरच्या जनुकातला दोष हे तीव्र स्थूलतेचं एका जनुकामुळे होणारं सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे. २०२२ साली केंब्रिजच्या सदफ फारूकी आणि सहकाऱ्यांनी तीव्र स्थूलता असलेल्या काही लोकांमध्ये २-सी रिसेप्टरच्या जनुकातही बिघाड दाखवला. अशी माणसं थोडी आहेत. पण ‘थांबणं’ ही क्षमता सगळ्यांना सारखी वाटलेली नाही, हे त्यांच्यामुळे कळतं. ज्याला सहज थांबता येतं, त्यानं ते आपलं पुण्य समजू नये.

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची कथा आहे. वडील त्याला सांगतात, पंधरा दिवस जेवू नकोस, हवं तेवढं पाणी पी. सोळाव्या दिवशी ते वेद म्हणायला सांगतात, तर त्याला काही आठवत नाही. जेवल्यावर सगळं आठवतं. मन अन्नमय आहे, हे वडिलांना दाखवायचं होतं. उपनिषदात सेरोटोनिन होतं असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पण मन आणि अन्न ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्या बापानं मुलाला उपदेश करून नाही, उपाशी ठेवून आणि मग जेवू घालून शिकवलं. धन्यवाद. आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: केळी खाल्ल्यानं सेरोटोनिन वाढतं असं वाचलं. खरं का?

मघाची भिंत आठवा. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते मेंदूत जाऊ शकत नाही. ट्रिप्टोफॅन जातं, पण त्याला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करून दारातून शिरावं लागतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन ह्यांनी उंदरांमध्ये दाखवलं की, निव्वळ पिष्टमय खाल्लं तर इन्सुलिनमुळे स्पर्धक स्नायूंत ओढले जातात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी मिळते. पण जेवणात थोडी जरी प्रथिनं असली तरी हा फायदा बराचसा पुसला जातो. आपल्या वरणभातात प्रथिनं असतातच. केळं आवडतं म्हणून खा, सेरोटोनिनसाठी नको.

प्रश्न: ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन कमी करण्याच्या गोळ्या सुरक्षित असतात का?

एक गोष्ट सांगतो. सिब्युट्रामीन नावाचं औषध सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ह्यांचा प्रभाव वाढवून भूक कमी करत असे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० साली ते अमेरिका-युरोपातून गेलं. त्यानंतरही अमेरिकेच्या औषध नियामकांना ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच लपवून घातलेलं वारंवार सापडलं आहे. डबीवर पानाचं चित्र आहे, एवढ्यानं आत काय आहे ते कळत नाही.

प्रश्न: सर, हे सगळं मान्य केलं तर संयम, उपवास ह्यांना अर्थच उरत नाही. सगळं रसायनच ठरवतं ना?

नाही, मी तसं म्हटलेलं नाही. एकादशी करणाऱ्याला भूक लागतेच. तो तिचं काय करायचं ते ठरवतो. भूक लागणं आपल्या हाती नाही. पण डबा कुठे ठेवायचा, ताटात किती वाढून घ्यायचं, किती सावकाश जेवायचं, आणि पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरल्यावर आणखी एक जिलबी वाढायची की नाही, हे बरंचसं आपल्या हाती आहे. संयम म्हणजे भुकेशी कुस्ती खेळणं नव्हे. भूक किती बळकट आहे ते ओळखून आधीच तजवीज करणं हा संयम. आणि ज्याची भूक आपल्यापेक्षा बळकट आहे, त्याला टोचून न बोलणं हाही संयमच. तो मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.